मुंबईचे दोन तरंगते किल्ले

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मुंबईच्या किल्ल्यांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. शीव, शिवडी, माहीम, वरळी, शिवाय बंदरातल्या मिडल ग्राउंडवरच्या तोफा, सगळ्यांची दखल त्यात घेतली आहे. दोन किल्ले मात्र राहून गेले, कारण ते जमिनीवर नव्हतेच. 'मॅग्डाला' आणि 'ॲबिसिनिया' या दोन चिलखती युद्धनौका खास मुंबई बंदराच्या रक्षणासाठी बांधल्या होत्या आणि तीस वर्षांहून अधिक काळ त्या या बंदरात होत्या. लेखकाला दोष देत नाही. माझी सगळी नोकरी गोदीत फिटर म्हणून झाली, तरी मलाही ही नावं निवृत्तीनंतर कळली आणि तीही मेलबर्नला मुलीकडे गेलो तेव्हा.

या बोटी आल्या कशा, ते आधी सांगतो. १८६३ साली इंग्रज सरकारने खर्च वाचवायला इंडियन नेव्ही मोडीत काढली. मागे उरलेल्या बॉम्बे मरीनकडे सैन्य आणि सामान वाहायचं आणि किनाऱ्याची मोजणी करायची एवढंच काम ठेवलं, लढायचं नाही. त्याच सुमारास गव्हर्नर फ्रिअर यांच्या कारकिर्दीत कोटाची तटबंदीही पाडली गेली. कापसाच्या पैशाने शहर फुगलं होतं. १८६२ साली अमेरिकेत दोन लोखंडी बोटी एकमेकींशी लढल्या, तेव्हापासून लाकडी आरमाराचे दिवस भरल्याचं सगळ्या जगाला कळलं होतं. शिवाय सुएझचा कालवा खोदला जात होता, १८६९ मध्ये तो खुला झाला की युरोपातल्या कुठल्याही आरमाराला मुंबई जवळ येणार होती.

तेव्हा लंडनहून हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या इंडिया ऑफिसने मुंबईसाठी दोन चिलखती बोटी मागवल्या. ब्रिटिश नौदलाचे मुख्य रचनाकार एडवर्ड रीड यांनी स्पष्ट सांगितलं की परदेशी बोटींशी बरोबरी करायची तर सुमारे साडेतीन हजार टनांची, १५ इंच जाड चिलखताची बोट हवी. उत्तर आलं, तेवढा पैसा नाही. मग ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीसाठी केलेला 'सर्बेरस'चा आराखडाच पुन्हा वापरून 'मॅग्डाला' बांधायचं ठरलं. चिलखत जास्तीत जास्त जाड तिथे, म्हणजे तोफांच्या बुरुजांच्या तोंडाशी, १० इंच. दुसऱ्या बोटीला तर तोही आराखडा परवडेना. म्हणून 'ॲबिसिनिया' आणखी लहान केली, तिची रुंदीच तीन फुटांनी कमी होती. 'मॅग्डाला'ला १ लाख ३२ हजार पौंडांच्या आसपास खर्च आला, 'ॲबिसिनिया'ला १ लाख १६ हजारांच्या. एका बंदराच्या रक्षणात वाचवले ते जेमतेम १६ हजार पौंड! हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

नावं कुठून आली तेही मुंबईकरांना ठाऊक असावं. १८६८ साली सेनापती नेपिअरच्या हाताखाली ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, जी मोहीम झाली, तिची फौज मुख्यतः मुंबई इलाख्याची होती. एप्रिलमध्ये मॅग्डालाचा गड पडला आणि त्याच विजयाची नावं या बोटींना दिली गेली. नावं मुंबईच्या पलटणींच्या पराक्रमाची, पण बोटी मुंबईत बांधल्या नाहीत. त्या लंडनला टेम्सकाठी तयार झाल्या आणि १८७० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पाण्यात उतरल्या. याच शहरात वाडियांच्या गोदीने सागवानी युद्धनौका बांधल्या होत्या. १८१७ साली इथे पाण्यात उतरलेली 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. लोखंडाचं युग आलं आणि आपल्या गोदीच्या हातातलं ते काम गेलं.

बोटीची रचना मला कारागीर म्हणून फार आवडते. आपल्या गडांची ओळख असलेल्याला ती चटकन कळेल. खालचा सांगाडा पाण्याच्या जेमतेम वर, म्हणजे शत्रूच्या गोळ्याला लागायला जागाच थोडी. त्यावर मधोमध चिलखती भिंतीचा बालेकिल्ला, आणि बालेकिल्ल्याच्या दोन्ही टोकांना एकेक गोल बुरूज. हे बुरूज फिरत. प्रत्येकात दोन तोफा, एकेक तोफ १८ टनांची, नळीचं तोंड १० इंचांचं. शिडं नाहीत, बोट ढकलायला तळाला पाण्यात फिरणारे दोन पंखे. लोखंडी पत्र्यांच्या मागे सागवानाचा जाड थर असे, गोळ्याचा धक्का झेलायला. लोखंडामागे लाकूड बसवणं किती अवघड असतं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. पाणी एकदा आत शिरलं की दोन्ही सडतात.

अशा बुटक्या बोटी भर समुद्रात आणणं म्हणजे जिवाशी खेळ होता. १८७० च्या सप्टेंबरमध्ये 'कॅप्टन' नावाची मोठी बुरुजांची बोट बिस्केच्या उपसागराजवळ एका रात्रीत उलटली आणि पाचशेच्या आसपास माणसं बुडाली. त्यानंतर काही महिन्यांतच, ऐन हिवाळ्यात, 'मॅग्डाला' आणि 'ॲबिसिनिया' त्याच पाण्यातून मुंबईकडे निघाल्या. प्रवासापुरत्या 'मॅग्डाला'वर तीन डोलकाठ्या उभारून शिडं लावली होती. त्या खलाशांच्या मनात काय चाललं असेल!

मुंबईत पोचल्यावर 'मॅग्डाला'ने क्वचित तोफांच्या सरावासाठी बाहेर पडण्याखेरीज हे बंदर सोडलं नाही. तिकडे जग धावत होतं. १८७६ साली इंग्लंडमध्ये पाण्यात उतरलेल्या 'इन्फ्लेक्सिबल'चं चिलखत काही ठिकाणी २४ इंच जाड होतं. आपल्या बोटींना मात्र बरीच वर्षं तोंडाकडून ठासायच्या जुन्याच तोफा होत्या. मागून भरायच्या ८ इंची तोफा पुढे बसवल्या, पण सांगाडा आणि चिलखत तेच राहिलं. १९०३ साली दोन्ही भंगारात विकल्या गेल्या.

या बोटींनी शत्रूवर एकही गोळा डागला नाही, मग त्यांचा इतिहास तो काय, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. पहारेकऱ्याच्या रात्रपाळीत चोरी झाली नाही, तर त्याने काम केलंच नाही असं कोणी म्हणत नाही. मे महिन्यात लोखंडी बोटीच्या पोटात, बॉयलरशेजारी ज्यांनी उभं राहून काम केलं, त्यांना मुंबईच्या उन्हाने काय भाजून काढलं असेल ते मी जाणतो. आमच्या वेळी पंखे तरी होते. ती माणसं हजर होती, बोटी कामाला तयार होत्या, एवढं तरी नोंदवून ठेवायला हवं.

आता मेलबर्नचं सांगतो. तिथे ब्लॅक रॉकच्या हाफ मून बे किनाऱ्यावरून समुद्रात गंजलेला एक लोखंडी ढिगारा दिसतो. तीच 'सर्बेरस', आपल्या 'मॅग्डाला'ची सख्खी बहीण. १८७१ साली ती मेलबर्नला पोचली. १९२४ मध्ये ४०९ पौंडांना भंगारात विकली गेली आणि १९२६ साली लाटा अडवायचा बांध म्हणून तिथे बुडवली. १९९३ मध्ये तिचा सांगाडा खचला. तेव्हा तिथल्या लोकांनी तिला तशीच सोडली नाही. वरचं वजन कमी व्हावं म्हणून १८ टनी तोफा बुरुजांतून काढून शेजारीच समुद्रतळावर ठेवल्या. २००५ साली तिला राष्ट्रीय वारसा यादीत जागा मिळाली. किनाऱ्यावर उभा राहून ते दोन बुरूज बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या रचनेचं जगात एवढंच काय ते शिल्लक आहे, आणि तिच्या दोन बहिणी आपल्या भाऊच्या धक्क्यासमोरच्या पाण्यात राहिल्या होत्या. आमच्या गोदीत कोणाला त्याचा पत्ता नाही.

त्या बोटी आता परत येणार नाहीत. २०१४ साली दारुखान्यात जुनी विमानवाहू 'विक्रांत' तोडायला घेतली, तेव्हा लोखंड एकदा भंगारात गेलं की गेलं, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. पण आठवण ठेवायला लोखंड लागत नाही. माझी मागणी साधी आहे. गेटवेच्या धक्क्यावर, जिथून एलिफंटाच्या लाँच सुटतात, तिथे मराठीत एक फलक लावावा. त्यावर दोन्ही बोटींची नावं, त्यांची वर्षं आणि 'सर्बेरस'च्या बुरुजांचं एक चित्र असावं. लाँचची वाट बघत शाळेच्या सहलीची मुलं तिथे अर्धा-अर्धा तास उभी असतात, ती वाचतील. आपल्या पुरवणीत त्या लेखाचा पुढचा भाग निघाला तर त्यातही या दोघींना जागा द्यावी. 'सर्बेरस'चे मी काढलेले फोटो पाठवायला तयार आहे.

कळावे.

आपला नम्र,
एक निवृत्त गोदी कामगार, भांडुप