प्रमोदला समुद्रावर पाठवण्यापूर्वी

रत्नागिरी

तीर्थरूप आई-बाबांस सुनंदाचा साष्टांग नमस्कार.

तलाव मार्चपासूनच आटू लागला, मच्छीमार संस्थेतल्या वाट्यावर घर चालत नाही, तेव्हा प्रमोदला इकडे खलाशी म्हणून लावून द्यावे, समुद्र काही आटत नाही, असे बाबांनी कळवले आहे. समुद्र आटत नाही हे खरे. पण तो तापतो आहे, आणि त्याची झळ मला बर्फाच्या कारखान्यातील हिशेबाच्या वहीत दिसते, कारण बोटी धक्क्याला बांधलेल्या असल्या की बर्फाला गिऱ्हाईक नसते.

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारीची बंदी ठरलेलीच असते. परंतु २०१९ च्या ऑक्टोबरात, ऐन हंगामात, ‘क्यार’ आणि त्यामागोमाग ‘महा’ ही चक्रीवादळे आली. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ कोकणाजवळून गुजरातकडे गेले. पाणी जितके उष्ण, तितके वादळाला बळ अधिक. पुण्यातील हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार १९५० ते २०२० या काळात हिंदी महासागराचा पृष्ठभाग शतकाला १.२ अंश सेल्सिअस या गतीने तापला. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाळ्यात, पहाटे आपल्या तलावातले मासे तोंड वर काढतात, बाबा, त्यामागे हेही एक कारण असते. शिवाय समुद्रात वरचा तापलेला थर खालचे थंड, सकस पाणी वर येऊ देत नाही, त्यामुळे माशांचे अन्न घटते. तारली उत्तरेकडे सरकते, बांगडा खोल पाण्यात उतरतो आणि त्यांच्या मागे बोटीला लांब जावे लागते. डिझेल, बर्फ आणि रेशन वजा झाल्यावरच वाट्याने काम करणाऱ्या खलाशाच्या हाती काही पडते, हे प्रमोदला नीट समजावून सांगावे.

आई, इथल्या बायका जवळा वाळत घालतात आणि एका अवकाळी सरीने तो कुजतो. वादळानंतर बोटींचे पंचनामे होतात, पण या बायकांचे नुकसान क्वचितच कोणी मोजते.

त्या मानाने आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचे दुखणे पुष्कळसे गावाच्या हातातले आहे, असे मला वाटते. गाळ आणि बेशरमाची झुडपे काढल्यास पाणी अधिक दिवस टिकेल. पाऊस लांबला तर मत्स्यबीज घाईने न सोडता बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, थोडी मोठी करून सोडता येतील. आणि केवळ रोहू-कतल्यावर विसंबण्यापेक्षा मरळ आणि देशी मागूर राखावेत, कारण हे मासे हवेतूनही श्वास घेतात व कमी पाण्यात तग धरतात. बाबांनी हे संस्थेच्या सभेत मांडावे.

सभा होईपर्यंत प्रमोदने थांबावे. त्यानंतरही त्याला यायचेच असेल, तर बंदी उठण्याआधी कळवा. इशारा मिळताच बोट माघारी वळवणारा तांडेल (बोटीचा प्रमुख) मी स्वतः चौकशी करून शोधीन.

तुमची,
सुनंदा