झंस्कारच्या पोरांना पाचवीपर्यंत घरी राहून शिकू द्या

मा. केंद्रीय शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

पत्र लडाखमधल्या झंस्कारच्या लहान मुलांबद्दल आहे आणि लिहितोय पुण्यातून, म्हणून आधी संबंध सांगतो. दर जानेवारीत आमच्या पुण्यामुंबईची मंडळी भरपूर पैसे मोजून चादर ट्रेकला जातात, गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालायला. मीपण गेलोय. झंस्कारकडे जाणारी पेन्सी ला ही खिंड ('ला' म्हणजे खिंड) बर्फाने बंद झाली की बाहेर पडायला वर्षानुवर्षं ही नदीच होती, त्यामुळे लेहच्या हॉस्टेलला जाणारी चिमुरडी पोरंसुद्धा सुट्टी संपता संपता बापाच्या मागे ह्याच बर्फावरून कित्येक दिवस चालायची, रात्री काठावरच्या गुहेत मुक्काम.

आता लेहजवळच्या निम्मूहून झंस्कारमधल्या पदुममार्गे हिमाचलातल्या दारचा गावापर्यंत रस्ता झालाय, 26 जुलै 2024 ला त्याच वाटेवरच्या शिंकू ला खिंडीखालच्या बोगद्याचा पहिला स्फोटही झाला, 4.1 किलोमीटरचा आणि 15,800 फुटांवर, मस्तच आहे, अडलेली बाळंतीण किंवा आजारी म्हातारं माणूस वेळेत बाहेर निघेल. पण रस्त्याने फक्त जाणं सोपं होतं हो. सहा-सात वर्षांच्या पोराला घर सोडून जावंच का लागतं, हा प्रश्न तसाच राहतो.

आणि सोडून काय जातं ते बघा. सकाळी उठून बुखारीत, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या शेगडीत, शेणी सारायच्या (झाडंच कमी, लाकूड आणणार कुठून), मीठ-लोण्याच्या चहात भाजलेल्या जवाचं पीठ कालवून खायचं, शेळ्या सोडायच्या. उन्हाळ्यात आजीबरोबर वरच्या कुरणावर, डोक्सावर जायचं, झोमोचं (याक आणि गायीच्या संकराची मादी) दूध काढायचं, लोणी घुसळायचं, चीज वाळत घालायचं. बर्फ वितळलेलं पाणी पाटाने शेतात येतं, कुणाची पाळी कधी हे पोरांना तोंडपाठ असतं. हे सगळं वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत अंगात मुरतं. पहिलीतच हॉस्टेलला टाकलेलं पोर सुट्टीत येतं ते पाहुण्यासारखं, आणि आईबापांना तरी दोष कसा देणार, गावातल्या शाळेचा भरवसा वाटला तर कोण पाठवेल एवढ्या लांब?

तर मागणी एकच. गावात पाचवीपर्यंतची शाळा अशी चालवा की शिक्षक तिथेच राहील. त्याला गरम क्वार्टर द्या, नाहीतर कुणीच हौसेने राहणार नाही, मीही नसतो राहिलो. थंडीमुळे शाळा डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत बंद असतात, पण लेहजवळच्या फे गावात सेकमॉल ह्या शिक्षणसंस्थेच्या मातीच्या इमारती आहेत, दक्षिणेला काचा लावलेल्या, बाहेर उणे पंधरा असताना आत शेगडी न पेटवता बसता येतं. म्हणजे तंत्र शोधायलाही कुठे जायला नको! शिवाय तुमचंच 2020 चं धोरण म्हणतं शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेत शिकवा, आणि तिथली भोटी भाषा 2025 मध्ये लडाखच्या अधिकृत भाषांपैकी एक झालीये, मग गणित-परिसराची पुस्तकं भोटीत काढायला अडचण काय आहे?

बोगदा संरक्षण खातं बांधतंय, शाळा मात्र तुमच्या विषयात येते. मार्चमध्ये शाळा परत उघडतील आणि आणखी काही पोरं ट्रंका भरून लेहकडे निघतील, त्याच्या आत काहीतरी ठरवा एवढंच म्हणणं आहे.

आपला,
एक पुणेकर ट्रेकर