मांजराला न शिवता मांजराचे चित्र

महोदय,

गेल्या आठवड्यात आईच्या डोळ्यांची ‘ओसीटी’ तपासणी झाली. सुई नाही, चिरा नाही. नुसत्या अवरक्त प्रकाशाने दृष्टिपटलाचे थर सुटे सुटे दिसले. जिची हयात चादरीचे धागे बघण्यात गेली ती आई म्हणाली, “डोळ्याची वीणच मोजली की!”

हे तंत्र 1991 चे. पुढचे तर अचाटच. 2014 मध्ये व्हिएन्नात भौतिकशास्त्रज्ञ अँटन झाइलिंगर यांच्या गटाने मांजराच्या कातरलेल्या आकृतीवर अवरक्त फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, सोडले, पण ते टिपलेच नाहीत. कॅमेऱ्याने टिपले त्यांचे जुळे, मांजराकडे न फिरकलेले, वेगळ्या तरंगलांबीचे फोटॉन. तरी चित्र उमटले! ज्या प्रकाशासाठी चांगले कॅमेरे नाहीत किंवा परवडत नाहीत, तिथे ही क्वांटम, म्हणजे सूक्ष्म कणांच्या नियमांवर चालणारी, युक्ती कामाची.

2023 मध्ये केंद्राने सुमारे 6000 कोटींची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली. तिचे संवेदनविषयक, म्हणजे अशा सूक्ष्म मोजमापांचे, केंद्र आयआयटी मुंबईत आहे; इथून एका रात्रीचा रेल्वेप्रवास. विज्ञान दिनाला रामन यांच्या तसबिरीला हार आपण घालतोच. येत्या 28 फेब्रुवारीला सोलापुरातल्या महाविद्यालयांनी भौतिकशास्त्राच्या मुलांना तिकडे न्यावे.

— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर