न दिसणारं भूत

महोदय,

झपाटलेल्या घरावरचा चित्रपट आला की परीक्षणात तो घाबरवतो की नाही, एवढाच निकाल लागतो. हे अपुरं आहे. एकदम कर्कश आवाज करून दचकवणं वेगळं आणि मनात भीती मुरवणं वेगळं. दचकणं क्षणात ओसरतं.

रॉबर्ट वाइज यांचा १९६३ सालचा ‘द हॉन्टिंग’ पाहा. कृष्णधवल चित्रपट, आणि भूत एकदाही दिसत नाही! रात्री दोघीजणी खोलीत भेदरून बसल्या आहेत, बाहेर धाडधाड आवाज जवळ येतोय. पुढे एका प्रसंगात बंद लाकडी दार आतल्या बाजूला फुगतं. बस्स, इतकंच. वाइज यांनी प्रतिमा किंचित वेडीवाकडी करणारं रुंद कोनाचं भिंग मुद्दाम वापरलं होतं. त्यामुळे घराच्या आतली जागाच विचित्र वाटते. नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, म्हणून अस्वस्थता वाढत जाते. उरलेलं सगळं आपलं मन रचतं. मग रात्री स्वतःच्या घरातलं दार करकरलं तरी कान टवकारतात.

अशा चित्रपटांत रक्तपात नसतो, म्हणून पालक ते मुलांना बिनधास्त दाखवतात. पण कोवळ्या मनावर असल्या शांत भीतीचा परिणाम जास्त टिकू शकतो. तेव्हा आपल्या परीक्षकांनी भीती कोणत्या प्रकारची आहे, ती आवाजातून येते की दृश्यातून, हेही आवर्जून लिहावं, ही विनंती.

– एक चित्रपटप्रेमी वाचक