घरांवर सौर पॅनेल बसविण्यासाठी निधी व संमतिपत्रांचे आवाहन

समस्त ग्रामस्थ, मुंबई-पुण्यास असलेले चाकरमानी बंधू आणि माहेरवाशिणी यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या ग्रामविकास मंडळाने गावातील घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसविण्याचे काम हाती घेतल्याचे गणेशोत्सवातील पत्राने आपणांस कळविलेच होते. त्या पत्राला उत्तर म्हणून मोबाइलवर जोडलेल्या हातांची चित्रे पुष्कळ आली, संमतिपत्रे मात्र दोनच आली आणि देणगी एका माहेरवाशिणीची आली, तीही तिने कोणाला न सांगता पाठविली. मनाला लागले, हे लपवीत नाही. परंतु छपरावरील सौर पॅनेलला अनुदान देणाऱ्या केंद्र शासनाच्या पीएम सूर्यघर योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षाअखेरपर्यंतच आहे आणि छपरावरचे लोखंडी काम आपल्याकडे पावसाळ्यापूर्वीच उरकावे लागते, म्हणजे हाताशी खऱ्या अर्थाने हा एकच उन्हाळा उरला आहे. म्हणून रुसवा बाजूला ठेवून पुन्हा लिहीत आहे.

मंडळाकडे मागण्याचा हक्क कोठून आला, हे नव्या पिढीला ठाऊक असावे म्हणून थोडे मागचे लिहितो. कोयनेच्या पहिल्या टप्प्याची वीज साठीच्या दशकात निर्माण होऊ लागली आणि मुंबईच्या कारखान्यांकडे गेली, पण ज्या सातारा जिल्ह्यात कोयनेचे धरण आहे त्याच जिल्ह्यातील आपल्यासारख्या डोंगरउतारावरच्या गावांनी त्यानंतरही कितीतरी वर्षे कंदिलाच्या काचा पुसल्या. त्या काळात लालबागच्या आपल्या गावकीच्या खोलीत तिन्ही पाळ्यांचे गिरणी कामगार आळीपाळीने झोपत आणि पगाराच्या दिवशी भिंतीला टांगलेल्या वहीत वर्गणी मांडत. गावात वीज आली तेव्हा खांब चढवायला रस्ता नव्हता. गडाच्या जुन्या पायऱ्यांच्या वाटेने ते खांद्यावर आणले गेले आणि त्या दिवसांतील माणसांच्या जेवणाचा सारा खर्च त्या वहीतून झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे कित्येकांची नोकरी कायमची गेली, बिछाने गुंडाळून माणसे गावी परतली, तरीही वही बंद पडली नाही. त्या वर्षांच्या पानांवर आठ-आठ आण्यांच्या नोंदी आहेत. ती वही आजही मंडळाच्या कपाटात आहे आणि ज्यांना वर्गणी मागितलेली आवडत नाही त्यांनी ती एकदा येऊन चाळावी, अशी माझी प्रामाणिक विनंती आहे.

पुढे शाळेचे छप्पर उडाले तेव्हा आपल्याच शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी निवृत्तिवेतनातून पत्रे घेऊन दिले आणि स्वतःचे नाव पाटीवर लिहू दिले नाही. आज त्या हयात नाहीत, त्यामुळे त्यांची इच्छा मोडून येथे नाव लिहिण्याचा मोह मी आवरतो. वाचणाऱ्यांना त्या कोण हे सांगावे लागणार नाही. वरच्या आळीच्या नळाची पाइप तरुण मंडळाच्या मुलांनी पाठीवर वाहिली, त्यांतील बहुतेक मुले आता पनवेल आणि चाकणला कामाला आहेत. पहिले सौर पॅनेलही कोणत्या योजनेतून आले नाही. एसटीत चालक म्हणून हयात घालविलेल्या आपल्या ज्येष्ठ सदस्यांनी स्वतःच्या पैशाने ते बसविले आणि वर्षभर येईल त्याला शिडी लावून दाखविले. विजेचे बिल कमी झाल्याचे कागद त्यांनी देवळातल्या बैठकीत हातोहात फिरविले, तेव्हा कुठे आमच्या कार्यकारिणीचा विश्वास बसला.

ऊन ही आपल्या गावची जुनी मिळकत आहे. डोंगर पश्चिमेला आणि उतार आग्नेयेला असल्यामुळे सकाळपासून अंगण तापते, सावली चारनंतर उतरते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या पॅनेलला आपल्या अक्षांशावर सर्वांत चांगले ऊन मिळते आणि १ किलोवॉटचे पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट वीज देते, त्याला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ही वीज बरीच घटते, हे आधीच सांगितलेले बरे. पण घेतलेली आणि दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या नेट मीटरमुळे उन्हाळ्यात महावितरणच्या जाळ्यात गेलेली जादा वीज खात्यावर जमा होऊन पुढच्या बिलांतून वळती होते. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. बॅटरी नसलेले पॅनेल वीज गेली की स्वतःही बंद होते, कारण तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरची रचनाच तशी असते. पॅनेल बसविले म्हणजे भारनियमनातही दिवे लागतील, असे कोणी विक्रेता सांगत असेल तर त्याच्याकडे बॅटरीचा वेगळा हिशेब मागावा.

आता अनुदानाविषयी. सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॉट किंवा अधिकला ७८,००० रुपये अनुदान आहे. महिन्याला १०० युनिटांहून कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी राज्य शासनाने स्मार्ट या नावाची जोडयोजना आणली असून, तीत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला १ किलोवॉटसाठी केंद्राचे ३०,००० व राज्याचे १७,५०० रुपये मिळून स्वतःचे केवळ २,५०० रुपये भरावे लागतात. इतके सगळे सरकार देत असताना मंडळ पुन्हा हात का पसरते, असा प्रश्न दादर येथील मागच्या सभेत एका बंधूंनी विचारला होता. प्रश्न रास्त होता, विचारण्याची तऱ्हा बोचली. त्याचे उत्तर सभेत नीट देता आले नाही, ते येथे देतो.

अनुदान पॅनेलला आहे, छपराला नाही. आपली घरे मंगलोरी कौलांची, खाली सागवानी आणि जांभळीचे वासे, कित्येक वासे आजोबा-पणजोबांच्या हातचे. दरवर्षी वळवाच्या आधी घर शाकारायचे, फुटकी कौले बदलायची, ही आपली रीत. पॅनेल एकदा बसले की त्याच्या खालच्या कौलांना हात लागणार नाही, आणि पॅनेलचे आयुष्य २५ वर्षांचे धरले जाते. तेव्हा खालचे छप्पर आधीच पक्के करणे, कुजका वासा काढणे, लोखंडी सांगाड्याचा भार वाशांवर न ठेवता भिंतीवर आणि तुळईवर टाकणे, हे सारे पॅनेल येण्यापूर्वीचे काम आहे आणि त्याचा एक रुपयाही कोणत्या योजनेत बसत नाही. ज्या घरात फक्त म्हातारी माणसे आहेत, त्यांना २,५०० रुपये जड नाहीत, त्यांना जड आहे तो सुतार. शाकारायला चढणारे हात शहरात आहेत, हे या पत्राच्या वाचकांना मी वेगळे सांगण्याची गरज नाही. गडाकडून उतरणारी वानरे कौलांवर उड्या मारतात, त्यांचाही बंदोबस्त जाळीने करावा लागणार आहे; हसण्यावारी नेऊ नये, शाळेजवळच्या घराची तार त्यांनीच तोडली होती.

दुसरी अडचण पैशांच्या वेळेची आहे. थोडी अधिक वीज वापरणारे घर २ किलोवॉटचे पॅनेल घेईल. अनुदानासाठी केंद्राने धरलेली त्याची प्रमाण किंमत १,००,००० रुपये आहे. त्यांतील ६०,००० रुपये अनुदान पॅनेल बसून, नेट मीटर लागून, तपासणी झाल्यावर कुटुंबाच्या बँक खात्यात जमा होते. तोपर्यंत ते पैसे कोणी घालायचे? बँक कर्ज देते, पण ज्याचे उत्पन्न सुगीवर अवलंबून आहे तो बँकेच्या पायऱ्या चढायलाच कचरतो. म्हणून मंडळाने फिरता निधी उभारण्याचे ठरविले आहे. कुटुंबाने आपले ४०,००० रुपये आणि प्रत्यक्ष दरपत्रकात वर येईल तो फरक भरावा, ६०,००० रुपये निधीतून द्यावेत, अनुदान जमा होताच ते निधीत परत यावेत आणि पुढच्या घराला जावेत. पहिल्या तुकडीत पाच घरे धरली आहेत, म्हणजे ३,००,००० रुपये हवेत, आणि ते खर्च होणारे नाहीत, फिरणारे आहेत. छपराच्या दुरुस्तीसाठी दिलेली देणगी मात्र परत येणार नाही. तिचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवला जाईल.

तिसरी अडचण अशी आहे की ती पैशाने सुटतच नाही. अर्ज वीजजोडणीच्या नावाने करावा लागतो, आणि आपल्या निम्म्याहून अधिक घरांची बिले अजून दिवंगत आजोबांच्या नावाने येतात. नाव बदलायचे तर सर्व वारसांची संमती लागते. चार भावांपैकी एक गावात राहतो, बिल भरतो, शाकारणी करतो. उरलेले तिघे बोरिवली, ठाणे आणि भोसरीत. सही केली तर घरावरचा हक्क जाईल, या भीतीने कोणी सही देत नाही. वीजमीटरवरचे नाव म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, सातबारा किंवा मिळकतपत्रिकेतील आपला हिस्सा त्याने तसूभरही कमी होत नाही. वाटल्यास तसे वाक्य संमतिपत्रातच लिहून घ्यावे, आम्ही तयार केलेल्या नमुन्यात ते घातलेही आहे. एका घरातील चुलत्या-पुतण्यांच्या अबोल्यामुळे मंजुरीपर्यंत आलेले प्रकरण मागे गेले, याचे फार वाईट वाटते. भांडण असू द्यावे, पण सही द्यावी.

गावाच्या रूपाविषयी काही जाणत्यांनी चिंता कळविली आहे, तिचा मी आदर करतो. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत आपल्या जिल्ह्यातील प्रतापगड आहे. आपला गड त्या यादीत नाही, पण आपल्या लेखी तो कमी नाही. गडावरून खाली पाहिले की कौलांचा जो लाल उतार दिसतो तो मोडू नये, म्हणून पॅनेल उंच पायांवर उभे न करता कौलांच्या उताराला समांतर बसवायचे असे ठरविले आहे. असे केल्याने आषाढातल्या वाऱ्याचा जोरही कमी लागतो. चिरेबंदी जोत्यांना आणि वाड्यांच्या दर्शनी भिंतींना कोठेही छिद्र पाडले जाणार नाही. संरक्षित स्मारकाच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र कायद्याने प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचे नियंत्रित आहे. या हद्दीत येणाऱ्या वरच्या आळीतील घरांचा विचार लेखी परवानगी हातात पडल्यावरच होईल, तोपर्यंत त्यांनी कोणाही विक्रेत्याला आगाऊ रक्कम देऊ नये.

पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. तेही डोंगरातलेच छोटे गाव. तेथील गावकऱ्यांचे मनापासून अभिनंदन करताना मंडळाच्या बैठकीत क्षणभर शांतता पसरली होती, कारण हे आपणही करू शकलो असतो असे प्रत्येकाच्या मनात आले. गुजरातमधील मोढेरा हे सूर्यमंदिराचे गाव २०२२ मध्ये चोवीस तास सौरऊर्जेवर चालणारे देशातील पहिले गाव म्हणून जाहीर झाले. जुन्या गावाला नवे पॅनेल शोभत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हजार वर्षांच्या त्या मंदिराशेजारची घरे आठवावीत.

तपशील असे. देणगी धनादेशाने किंवा बँकेतून मंडळाच्या खात्यावरच द्यावी. खाते क्रमांक मागील वार्षिक अहवालाच्या शेवटच्या पानावर आहे, ज्यांनी अहवाल टाकून दिला असेल त्यांनी खजिनदारांकडून घ्यावा. 'फिरता निधी' की 'छप्पर दुरुस्ती' हे सोबत लिहावे, न लिहिल्यास छप्पर दुरुस्तीत धरले जाईल. रोख रक्कम मधल्या माणसाच्या हाती पाठवू नये, पावती सर्वांना मिळेल. फिरत्या निधीत दिलेले पैसे तीन वर्षांनी परत हवे असतील तर तसे लेखी कळवावे, तेही चालेल. लोखंडी अँगल, चांगली जुनी कौले आणि सुतारकामाचे दिवस या रूपातील मदत स्वीकारली जाईल. अनुदानासाठी पॅनेल भारतीय बनावटीचे आणि विक्रेता योजनेत नोंदलेला असावा लागतो, त्यामुळे परस्पर स्वस्तात आणलेले पॅनेल कृपया भेट देऊ नये. आयटीआय झालेल्या गावच्या मुलांनी देखभालीसाठी नावे द्यावीत. संमतिपत्रे, आधार आणि वीजबिलाच्या प्रतींसह, चैत्रातील यात्रेपूर्वी पोचावीत. यात्रेला येणाऱ्यांसाठी दोन्ही दिवस सकाळी देवळाच्या ओवरीत टेबल मांडलेले असेल आणि कोरे नमुने तेथे मिळतील. छपरांची पाहणी यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू होईल, तेव्हा ज्यांची घरे कुलूपबंद आहेत त्यांनी किल्ली शेजारी ठेवून तसे मला कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
सचिव, ग्रामविकास मंडळ