रचना अचूक आहे का? फरशी भरून पाहा

मा. संपादक,
स. न.

शाळेतल्या भौमितिक रचनांची तपासणी बहुधा कंस दिसतात का आणि नावे दिली आहेत का, इथेच संपते. मिलिमीटरभराची चूक वहीत खपून जाते. तीच आकृती जाड कागदातून कापून तिच्या प्रतींनी पान भरायला लावले, तर चौथ्या-पाचव्या तुकड्याला फट तरी पडते किंवा तुकडे एकमेकांवर चढतात. म्हणून सहावी ते आठवीत रचनेला फरशीची जोड हवी.

सुसम षटकोन सोपा. ५ सेमी त्रिज्येचे वर्तुळ काढून तेच अंतर परिघावर सहा वेळा टाकायचे. प्रत्येक वेळी अर्धा मिमी चुकले तरी शेवटचा कंस आरंभबिंदूपासून ३ मिमी सरकतो. कारण बहुतेक वेळा ढिला स्क्रू किंवा बोथट शिसे. अशा वेळी शेवटची बाजू ओढूनताणून जुळवू देऊ नये.

अष्टकोनात खरी मजा आहे. १० सेमी बाजूचा चौरस काढून कर्ण जोडावेत. कंपासचे टोक एका कोपऱ्यावर ठेवून कर्णांच्या छेदनबिंदूपर्यंत अंतर घ्यावे आणि तेवढ्याच त्रिज्येने चारही कोपऱ्यांतून लगतच्या बाजूंवर कंस मारावेत. मिळालेले आठ बिंदू क्रमाने जोडले की सुसम अष्टकोन तयार. अर्ध्या कर्णाऐवजी अर्धी बाजू, म्हणजे ५ सेमी, घेतली तर कंस बाजूंच्या मध्यावर भिडतात आणि हाती तिरका चौरस येतो. ही चूक हमखास होते. अष्टकोन काढलेले असे चार मूळ चौरस शेजारी मांडले, की मधले चार उरलेले त्रिकोण मिळून अष्टकोनाच्याच बाजूचा छोटा चौरस बनतो. दोन अष्टकोन आणि हा चौरस जिथे भेटतात, तिथे कोनांची बेरीज १३५ + १३५ + ९० = ३६० अंश हे डोळ्यांनी दिसते.

कोणत्याही वेड्यावाकड्या चौकोनानेही प्रतल भरते, अगदी एक कोन आत वळलेला असला तरी. लंबदुभाजकाने बाजूचा मध्यबिंदू काढायचा, त्याभोवती तुकडा अर्धा फेरा फिरवायचा आणि कडा गिरवायची. मुले तुकडा फिरवण्याऐवजी पालथा करतात, मग कोन जुळत नाहीत. आधीच तुकड्याचा वरचा पृष्ठभाग रंगवून ठेवावा.

मात्र ‘बेरीज ३६० आली की फरशी भरते’ असे फळ्यावर लिहू नये. दोन सुसम पंचकोन आणि एक दशकोन घ्या: १०८ + १०८ + १४४ = ३६०. एका बिंदूभोवती ते चपखल बसतात, पण पुढे नेताना अडतात. प्रत्येक शिरोबिंदूपाशी हीच मांडणी हवी, तर पंचकोनाच्या बाजूंना शेजारी आळीपाळीने पंचकोन, दशकोन, पंचकोन, दशकोन असे यायला हवेत. बाजू पाच, पाचवीला कोण येणार?

– एक गणित शिक्षक