चांदण्या आणि गव्हले

शहापूर, बेळगाव

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पास्त्याचं पाकीट मिळून पंधरा दिवस झाले आणि पत्र आज लिहितोय, राग मानू नकोस. आई तापानं आडवी होती. ताप चार दिवसांत उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. पेज नको, मऊ भात नको, आंबील पुढं केली की मान फिरवायची. बाहेर आषाढाचा पाऊस, घरात दिवसा दिवा लावलेला, आणि वाटी झाकलेली तशीच. मला काही सुचेना, तेव्हा तुझ्या त्या इवल्या चांदण्यांची आठवण झाली.

इटलीत आजारी पोराला हाच पास्ता देतात, असं तू फोनवर म्हणाला होतास. पास्तिना म्हणजेच बारका पास्ता, आणि चांदण्यांच्या आकाराला स्तेलिने. गणपत गल्लीतून गाजरं आणली. सेलरी मिळाली नाही, म्हणून कोथिंबिरीचे देठ घेतले. दोन गाजरं, एक कांदा, ते देठ आणि चार मिरी दीड लिटर पाण्यात टाकून मंद आचेवर पाऊण तास ठेवलं. झाकण काढलं तेव्हा पाणी फिकट सोनेरी झालं होतं आणि गाजराचा गोड वास माजघरापर्यंत गेला. पाणी गाळून मीठ घातलं, चांदण्या सोडल्या.

पहिल्या दिवशी घोटाळा केला. सगळ्यांसाठी एकदम शिजवलं आणि आई उठेपर्यंत झाकून ठेवलं. अर्ध्या तासात चांदण्यांनी सगळं पाणी पिऊन टाकलं, पातेल्यात नुसता गोळा! तेव्हापासून गाळलेलं पाणी वेगळं ठेवतो. आई उठून बसली की दोन वाट्या पाणी उकळायचं, त्यात चार चमचे चांदण्या, चार-पाच मिनिटं. मग गॅस बंद करून लोणी आणि किसलेलं चीज. चीज आचेवर घातलं तर त्याच्या गाठी होतात, खाली उतरवून घातलं की दुधासारखं मिसळतं. तिकडे अंडंही फेटून घालतात, पण आई खात नाही. खऱ्या पार्मेजान चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट घातलेलं असतं, तेही तिला चालणार नाही, म्हणून साधं शाकाहारी चीज घेतलं.

पहिला चमचा तिनं माझ्यासाठी म्हणून घेतला. दुसरा स्वतःहून. मग चमच्यातली एक चांदणी बोटावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाली, "अरे, हे तर आपले गव्हलेच की रे!"

खरंच की, दोस्ता! लग्नघरी बायका अंगठा आणि पहिल्या बोटात कणकेचा कण वळून गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले करायच्या, नखावर दाबून नखुल्या करायच्या. सुपावर वाळत घातलेले ते दाणे तुला आठवतात ना? आपण चोरून कच्चेच खायचो. त्यांची खीरच करायची असते असं आपण धरून चाललो, खारट पाण्यात कुणी घालून बघितलेच नाहीत.

तुझं पाकीट संपल्यावर आईनं फडताळातला डबा काढायला लावला. गव्हले तुपावर बदामी भाजून त्याच पाण्यात सोडले. तुझ्या चांदण्या कडक डुरम गव्हाच्या, साच्यातून काढलेल्या, त्यामुळे आकार धरून राहतात. गव्हले लवकर मऊ पडतात, डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. पण तुपाचा तो खमंगपणा तुझ्या पाकिटाला नाही, हे मी मैत्री बाजूला ठेवून सांगतो.

2023 साली अमेरिकेत रोन्झोनी कंपनीनं हा पास्ता करायचा बंद केला, तेव्हा लोकांनी तो परत आणा म्हणून सह्या गोळा केल्या होत्या. आईला सांगितलं तर ती गप्प झाली. मग म्हणाली, "आता गव्हले वळणारी गल्लीत मी एकटीच उरले."

काल तिनं थोडी कणीक मळून घेतली. हात थरथरतो, पण दाणे एकसारखे पडतात. मी शेजारी बसून वळत होतो, माझे हरभऱ्याएवढे झाले. तिनं तेही सुपात ठेवून घेतले.

गणपतीला येशील तेव्हा चांदण्यांची दोन पाकिटं आण. इथून गव्हल्यांचा डबा घेऊन जा. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दोस्त